‘एका मंडळीतला’ सेक्रेटरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि मार्थाला तर मी डॉक्टरांनी बंद केलेली जिलबी कुठल्या हॉटेलात खाल्ली, तेसुद्धा संध्याकाळपर्यंत सांगून मोकळा होतो. माझ्या पोटात काही राहत नाही. हे एवढं एकच राहिलं. दोन वर्षं झाली.

तुम्ही आमच्या भागातल्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीतले असाल, तर मला ऐकलंही असेल. बीड, परळी, अंबाजोगाई — बोलावतील तिथं मी जातो. मी गणिताचा रिटायर्ड मास्तर, माजलगावच्या आमच्या छोट्या मंडळीचा सेक्रेटरी. माझा विषय ठरलेला असतो: मंडळीनं लोकांची माहिती आणि ही नवी कृत्रिम बुद्धिमत्ता शहाणपणानं कशी वापरावी. त्या भाषणात एक गोष्ट असते. “एका मंडळीत एक सेक्रेटरी होता...” अशी सुरू होते. लोक आधी हसतात, मग माना हलवतात. परळीला एका म्हातारबांनी मध्येच उठून विचारलं, “कोन्या मंडळीतलं हो हे बेणं?” मी म्हणालो, “नाव घेणं बरं नाही.” काय टाळ्या पडल्या! किती मोठ्या मनाचा माणूस, म्हणाले.

ते बेणं मीच.

बघा, सांगून टाकलं. वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं — की सगळं अजून सांगितलंच नाही म्हणून सोपं वाटतंय?

आमचे पाळकसाहेब बीडला राहतात. तीन मंडळ्या सांभाळतात, आमच्याकडं एक रविवार सोडून येतात. म्हणून भेटी द्यायचं काम माझ्याकडं. कुणी आजारी आहे, कुणी एकटं आहे, कुणाचं कुणाशी बिनसलंय — त्या घरी जाऊन बसायचं, विचारपूस करायची, प्रार्थना करायची. आता खरं सांगू? मला ते आवडत नसे. प्रत्येक घरी चहा. प्रत्येक चहात साखर मुठीनं. आणि प्रत्येकाची गोष्ट सुरू होते ती आजोबांपासून. मी आकड्यांचा माणूस. मला हजेरीची वही दिली की मी खूश.

मग मला ती सोय सापडली. मंडळीचा एक वेगळा मोबाइल नंबर होता. त्यावर येणाऱ्या मेसेजना आपोआप उत्तर देणारं यंत्र जोडता येत होतं. शिकलो मी ते — एकट्यानं, या वयात. आठवडाभर बसून सगळ्या घरांची माहिती भरली. नावं, वाढदिवस, कोण आजारी, कुणी कशासाठी प्रार्थना मागितली, रविवारी कोण आलं, कोण नाही. कुणाला विचारलं का, की तुमचं हे असं भरू का? नाही. ते सुचलंसुद्धा नाही. मग यंत्राला सांगितलं — माझ्या, साळवे सरांच्या नावानं लिही, प्रेमानं लिही, शेवटी बायबलमधलं एक वचन घाल.

आणि लिहायला लागलं की हो ते! पहिल्या महिन्यात लोक म्हणायला लागले, सर, तुमी आमच्या नातवाचा वाढदिवस ध्यानात ठेवला! मी हसून मान डोलवायचो. त्यांना नातू आहे हेही मला माहीत नसायचं.

गडबड व्हायची, नाही असं नाही. दिवाळी झाली की आमच्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. हजेरीच्या वहीत ती गैरहजर दिसतात. का, ते वहीत दिसत नाही. यंत्रानं वही वाचली आणि सगळ्यांना पाठवलं: “प्रिय बंधू, आपण सलग सहा रविवार उपासनेस अनुपस्थित आहात. आपला विश्वास थंडावला आहे काय?” आमच्या दानिएलचं उत्तर आलं, “सर, इस्वास गरमच हाय. थंडी मातर हितं लई हाय. बेळगावकडं फडात हाव. गोधडी पाठवा.” हा किस्सा मी भाषणात सांगतो तेव्हा हशा पिकतो. गोधडी पाठवली होती, बरं का. ती मार्थानं पाठवली.

पण मी दानिएलचं सांगतोय, कारण ते सोपं आहे. मला सांगायचं होतं राहेलबाईचं.

राहेलबाई आमच्या मंडळीतली. शाळेत मुलांना खिचडी शिजवायची, आता घरीच असते. नवरा गेलेला. कालव्याकडच्या वस्तीत एकटी राहते. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दुसऱ्या डोळ्यानं ती फोन नाकाला लावून वाचायची, आणि लिहायचं म्हणजे फोनला बोलून सांगायची, तो टाईप करायचा. तिनं एकदा मंडळीच्या नंबरवर लिहिलं, “सलाम भाऊ, डोळ्याला लई पाणी यायलंय.” यंत्रानं उत्तर दिलं. तिला बरं वाटलं. तिनं पुन्हा लिहिलं. असं रोज — सव्वा महिना. मी त्यातलं एक अक्षर वाचलं नव्हतं. वाचायचं कशाला? त्याचसाठी तर यंत्र ठेवलं होतं.

सोमवारी तिचं बीडला ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी, रविवारी, ती उपासनेला आली ती हातात डबा घेऊन. उपासना सुटायच्या आत, सगळ्यांसमोर, मला म्हणाली, “भाऊ, काल लई वाट बघितली. कोंबडी केलती. सांजच्यापर्यंत दारातच बसलते.”

मला काही कळेना. कसली वाट? कुणी बोलावलं होतं? आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला — मेसेज! मीच कुठंतरी ‘येतो’ म्हणालो असणार. त्या एका क्षणात खरं बोलता आलं असतं. ‘बाई, ते मी लिहिलं नव्हतं’ — एवढंच. पण सगळी मंडळी बघत होती, पाळकसाहेब बघत होते. माझा हात आपोआप मागं गेला आणि मी म्हणालो, “कंबर धरली होती हो. उठताच येईना.”

मग काय विचारता! पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. सगळे उभे राहिले. साहेबांनी माझ्या कंबरेवर हात ठेवला आणि राहेलबाईनं मोठ्यानं प्रार्थना केली, “बापा, आमच्या भाऊची कंबर सरळ कर. त्येनं लई जनांचं दुख वाहिलंय.” स्वतःचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, आणि बाई माझ्या कंबरेसाठी रडत होती — ठणठणीत कंबरेसाठी! पुढचे दोन रविवार मला वाकून चालावं लागलं. घरी मार्था रोज तेल चोळायची. तिच्यापासून दुखणं लपवलं म्हणून रागवायची आणि चोळायची. हसताय ना? हसा. मलाही कधी कधी हसू येतं. मग येत नाही.

त्या रविवारी घरी आल्यावर मी तो सगळा संवाद पहिल्यांदा वाचला. डोळ्याच्या पाण्यापासून सुरू झालेलं बोलणं हळूहळू तिच्या मुलीपर्यंत गेलं होतं. करुणा. नऊ वर्षांपूर्वी करुणानं नेकनूरकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या खंडू नावाच्या मुलाशी लग्न केलं. ते हिंदू, हे ख्रिस्ती. राहेलबाईनं त्या दिवसापासून मुलीशी बोलणं सोडलं. आम्हाला ती सांगायची, पोरगी लांब दिलीय. मेसेजमध्ये मात्र तिनं सगळं लिहिलं होतं — दारात आलेल्या पोरीला पाणीसुद्धा न देता कशी परत पाठवली तेही. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. म्हणजे मीच वाचतोय असं समजून सांगितलं. आणि ते गेलं कुठं? कुठल्या कंपनीच्या कुठल्या कॉम्प्युटरमध्ये ते पडलंय, मला आजही माहीत नाही.

यंत्रानं वाईट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं चांगलं उत्तर दिलं. लिहिलं होतं, “मुलीला फोन करा. पहिलंच वाक्य ‘माझं चुकलं’ असं जमत नसेल, तर ‘जेवलीस का?’ एवढंच विचारा.” मला हे सुचलं असतं? मी एखादं वचन काढून दिलं असतं आणि घड्याळ बघितलं असतं.

तिनं फोन करून तेवढंच विचारलं होतं. करुणानं ऐकून घेतलं आणि काही न बोलता ठेवून दिला होता. आणि शुक्रवारी संध्याकाळचा मेसेज होता: “भाऊ, उद्या घरी येताव का? येक गोष्ट हाय. फोनमदी न्हाई सांगायची, समोर बसून सांगायची हाय.” त्याला माझ्या नावानं उत्तर गेलं होतं — “मी शनिवारी नक्की येईन. ऑपरेशनची भीती बाळगू नका.”

मी ती सोय त्याच दिवशी बंद केली. सोमवारी बीडला दवाखान्यातही गेलो — वाकत. ऑपरेशन झकास झालं. बाहेर बाकड्यावर करुणा बसलेली, शेजारी खंडू, हातात थर्मास. करुणा उठून माझ्याजवळ आली. “सर, तुमी आईला सांगितलं म्हून आज मी हितं हाय. नऊ वर्षांत आमाला कुनीच असं सांगितलं न्हवतं.” तिचे डोळे भरले होते. मी काय म्हणालो? म्हणालो, “देवाची कृपा.” माणसाला खोटं बोलायला देवाचं नावही पुरतं, हे मला तिथं कळलं.

नंतर नाताळाच्या कार्यक्रमात मंडळीनं मला शाल दिली. ‘तुटलेलं घर जोडणारे साळवे सर.’ मी ती घेतली. खांद्यावर नीट बसवून फोटोही काढला.

मग मी नियम आणले. कमिटीत म्हणालो, गाणी मोठ्या अक्षरात छापायची असतील, पत्ते लावायचे असतील, ऊसतोडीला कोण कुठल्या कारखान्यावर गेलंय याची यादी ठेवायची असेल, तर खुशाल यंत्र वापरू. पण ज्याची माहिती त्याला विचारल्याशिवाय भरायची नाही. यंत्रानं लिहिलं असेल तर तसं सांगायचं. आणि कुणी मनातलं दुखणं लिहिलं, तर उत्तर बोटांनी द्यायचं नाही, पायांनी द्यायचं — उठून जायचं. सगळ्यांना पटलं. पाळकसाहेब म्हणाले, सरांनी किती पुढचं पाहिलं! बीडच्या सभेत त्यांनीच मला पहिल्यांदा उभं केलं. नियम चांगलेच आहेत, अजूनही मी तेच सांगतो. फक्त ते पुढचं बघून केलेले नव्हते. मागं बघून केलेले होते.

आता मीही जातो भेटींना. साखरेचा चहा पितो. आजोबांपासूनच्या गोष्टी ऐकतो — चक्क आवडायला लागल्यात.

गेल्या महिन्यात राहेलबाईकडं गेलो होतो. डोळे आता छान, नवा चष्मा. करुणाचं पोरगं सुट्टीला आलेलं, अंगणात खंडूनं आणून बांधलेलं कोकरू. घर कसं भरलेलं. बाईनं फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, “ते तुमी लिहिलेलं मी अजून वाचते. आज तुमच्या तोंडून ऐकायचं हाय.”

मी वाचलं. काय करणार? एकेक मेसेज मोठ्यानं वाचला — दुसऱ्याचे शब्द आपल्या आवाजात. ती डोळे मिटून ऐकत होती. ‘मी शनिवारी नक्की येईन. ऑपरेशनची भीती बाळगू नका’ एवढं वाचलं आणि फोन खाली ठेवला. ती हसली.

“तवा भीतीबिती काई न्हवती मला,” ती म्हणाली. “तुमाला बोलावलं त्याच दिशी करुणाचा फोन आलता. तिचा तिनं केलता. म्हनली, ‘आई, जेवले. तू जेवलीस का?’ नऊ वर्सांनी! येवढा आनंद झालता, कुनाला सांगावं कळंना. तुमालाच पयलं सांगायचं हुतं, म्हून बोलावलतं.”

मी विचारलं, मग कुणाला सांगितलंत?

“कुनाला सांगनार? कोंबडीलाच सांगितलं, कापायच्या आधी!”

ती खळखळून हसली, मीही हसलो. मग तिनं ते सगळं मला पहिल्यापासून सांगितलं — फोन कसा वाजला, हातातलं पीठ कसं फोनला लागलं, दोघी किती वेळ नुसत्या रडल्या. मी ऐकलं. दोन कप चहा झाला. तिला सांगायची जागा होती, वेळ होती, समोर तीच होती. मी सांगितलं नाही.

त्या शनिवारी मी घरी होतो. टीव्हीवर मॅच होती. माझ्या घरापासून तिचं घर सायकलवर दहा मिनिटं.