दावणीचं पान

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मारुती तात्या पवार हे नाव घेईन. आई-वडिलांनी जन्म दिला, गुरुजींनी अक्षर दिलं. पण माझं काम मला कळलं ते तात्यांमुळं. महिन्यापूर्वी सकाळी त्यांच्या सुनेचा, वैशालीताईंचा फोन आला. "भाऊसाहेब, तात्या गेलं हो... च्या मागितला आन कप हातात द्यायच्या आधीच..." मी कवठे महांकाळच्या कार्यालयात उताऱ्यांवर सह्या करत होतो. त्यानंतरच्या सह्या माझ्या मलाच ओळखू येत नाहीत.

आमचं घर आटपाडीकडचं, मेंढरं राखणारं. घरातला पहिला पदवीधर मी. तलाठी म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती मात्र कृष्णाकाठच्या एका गावात. आयुष्यात कधी भरलेली नदी न पाहिलेला माणूस मी, आणि चावडीच्या भिंतीवर डोक्याच्या वर पुराच्या खुणा! त्या धास्तीनंच मी आपत्ती व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेला दूरशिक्षणानं नाव घातलं. पुस्तकं पोस्टानं यायची. स्वाध्याय हातानं लिहून पाठवायचे आणि महिन्यातून एका रविवारी साताऱ्याच्या अभ्यासकेंद्रावर वर्गाला जायचं. एस.टी.च्या खिडकीशी बसून मी इंग्रजी शब्दांखाली पेन्सिलीनं रेघा मारत असे. अर्थ लागायचा, पण नदी काही दिसायची नाही.

ती दाखवली तात्यांनी. ते त्याच गावचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सारी नोकरी पूल बांधण्यात गेलेली. मी पुस्तक घेऊन पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर गेलो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आटपाडीचा गडी आन पुराचा अभ्यास? आरं, तुमच्याकडं टँकर आला तरी पूर आल्यागत धावता की! पवायला येतं का?"

"नाही तात्या."

"मग बरुबर सायेब धाडलाय सरकारनं."

त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो. माझा प्रकल्प अहवाल त्याच गावाच्या पूरनियोजनावर होता. तात्या काठी टेकत मला गल्लीगल्लीतून फिरवायचे. पुराचं पाणी आधी कुठल्या ओढ्यातून उलटं गावात शिरतं, वाट कुठं तुटते, माळावरच्या शाळेकडं जायला शेवटपर्यंत कोरडा राहणारा रस्ता कोणता... मी वहीत उतरवून घ्यायचो. एकदा गोठ्यापाशी थांबून ते म्हणाले, "ह्ये ध्येनात ठेव गड्या. आधी दावण सोडायची. गाव हलवायचं तर पयली जनावरं माळावर न्यायची, दिवस हाय तवर. मान्सं आपसूक मागनं येत्यात. तू मान्सांना आधी चला म्हणशील, तर एक हलायचं न्हाई. बांधल्यालं जनावर पाण्यात मरतं, आन ते बघत माणूस छपरावर बसतं."

हे मला नवं वाटायला नको होतं. दुष्काळात वडील आधी मेंढरांची वाट ठरवायचे, मग बिऱ्हाड हलायचं. पण शिकताना मला वाटत असे की घरचं ते अडाणीपण आणि पुस्तकातलं ते ज्ञान.

तरी मी ते अहवालात लिहिलं, तात्यांच्या नावासकट. कच्चा मसुदा साताऱ्याच्या सरांनी तपासला आणि त्या पानावर लाल रेघ मारली. शेजारी लिहिलं होतं, 'आधी जीवित, मग मालमत्ता. जनावरे मालमत्तेत येतात. दुरुस्त करा.' सर मनानं चांगले होते. मी एवढंच म्हणालो असतो की, सर, मी गावात राहतो, हे असंच घडतं, तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण मला प्रथम श्रेणी हवी होती. मी ते पान काढलं आणि पुस्तकातल्या क्रमानं नवं लिहिलं. त्या पानाबरोबर तात्यांचं नावही गेलं. आभारात उरलं ते फक्त 'स्थानिक ग्रामस्थ'.

बांधलेल्या अहवालाची एक प्रत मी तात्यांना नेऊन दिली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "दावणीचं तेवढं घातलंस का रं?"

"घातलंय, तात्या."

दोन शब्द. आजही ते माझ्या कानात आहेत. तात्या त्या दिवशी इतके खूष झाले, की येईल त्याला तो अहवाल दाखवू लागले. "सरकारी अभ्यासात आपलं गुरांचं लिवलंय, बघ." प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलेला असायचा.

पुढच्याच पावसाळ्यात पाणी वाढलं. मी रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरलो, "सर्वांनी शाळेत स्थलांतर करावे." लोक दारात उभं राहून मान हलवत होते. "व्हय व्हय, निघतो की." दुपारपर्यंत कुणी उंबरा ओलांडला नाही. वरून फोन येत होते, किती माणसं हलवली म्हणून, आणि माझ्याकडं सांगायला आकडा नव्हता. एवढ्यात खालच्या आळीतून तात्या आले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात म्हशीचं दावं. मागं वैशालीताई दुसरी म्हैस घेऊन. माझ्याकडं न बघता त्यांनी आवाज टाकला, "सोडा रं दावणी! माझी निघाली!" पाचच मिनिटांत समोरचा गोठा रिकामा झाला, मग त्याच्या शेजारचा. दिवस मावळायच्या आत सारं गाव माळावर होतं. मी भोंगा बंद करून त्या गुरांच्या मागून चालत गेलो. शाळेच्या पायरीवर तात्या बसले होते, पाय चिखलानं माखलेले. मला म्हणाले, "तूच लिवलंयस न्हवं? मग भोंग्यात का सांगितलं न्हाईस?"

मी म्हणालो, "गडबडीत विसरलो." दुसरं खोटं.

पदविकेत प्रथम श्रेणी मिळाली, मग बढती, मग बदली. जिल्ह्याच्या प्रशिक्षणात मला बोलायला बोलावू लागले आणि तिथं मी दावणीचं आवर्जून सांगू लागलो. पण छापलेलं पान तसंच होतं. शेवटी यंदा दिवाळीनंतर मी तात्यांना पत्र लिहिलं. निव्वळ पश्चात्तापानं, असं म्हणायला जीभ धजत नाही. त्यांची नात कॉलेजला जाऊ लागली होती, ती कधी ना कधी तो अहवाल वाचणार, ही धास्तीही होती. पत्रात येत्या रविवारी येतो असं लिहिलं. त्या रविवारी बैठक निघाली. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी... खरं सांगायचं तर तोंड दाखवायचा धीर होत नव्हता. पत्राचं उत्तर आलं नाही, तेही मी निमित्त धरलं.

दिवसकार्याला गेलो तेव्हा वैशालीताईंनी फळीवरून ती पिशवी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुमचं पत्र पोरीनं दोनदा वाचून दावलं. मग तात्याच तिला म्हणलं, ह्ये त्या पुस्तकात डकवून टाक, जिथलं तिथं."

"रागावले होते का?"

"राग न्हवता. पन त्यानंतर पुस्तक कुणाला दावलं न्हाई. रविवार आला की तेवढं ओट्यावर बसायचं, एस.टी.च्या टायमाला."

मी ते पान उघडलं. चारी कडांना खळ लावून पत्र पक्कं चिकटवलं होतं. खालची इंग्रजी अक्षरं पार झाकली गेली होती. माझंच अक्षर समोर होतं...

'तीर्थस्वरूप तात्यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही मला दोनदा विचारलंत आणि मी दोनदा खोटं बोललो. दावणीचं मी लिहिलं होतं, पण गुण जातील म्हणून काढून टाकलं. तुमचं नावही काढलं. तुम्ही लोकांना जे दाखवता ते त्यात नाही. मेंढरामागं चालून मोठा झालेला मी, मला हे आधीच कळायला हवं होतं. रागवा, पण येऊ नको म्हणू नका. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. कोरा कागद बरोबर आणतो. तुम्ही सांगा, मी तुमच्यासमोर बसून ते पान पुन्हा लिहितो.'