नायिका मेलीच पाहिजे

"कादंबरीत ती मरते," असं म्हणून मास्तर चष्मा कपाळावर चढवायचे, की आपण समजावं, वाद संपला.

मास्तर मराठीच, पण जन्म कलकत्त्यातल्या बागबाजारचा, वाचन सगळं बंगाली. आम्ही बदलीवर कलकत्त्याला आलेली सरकारी माणसं. आमचं बंगाली मासळीवाल्याशी भांडण्यापुरतं. गणपतीत आमच्या मराठी मंडळानं एका बंगाली सिनेमावरून संगीत नाटक करायचं ठरवलं. सिनेमा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. तो ज्या कादंबरीवरून निघाला, ती एकट्या मास्तरांनी वाचली होती. सिनेमात नायिका दुखण्यातून उठते, लग्न होतं, सगळं गोडगोड. नाटक लिहायला मास्तरांना बसवलं, तिथेच आम्ही फसलो.

नायिकेचं काम मंडळाच्या सेक्रेटरींच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे. सणासुदीला तिला कशाला मारता, असं सेक्रेटरींनी परोपरीनं सांगून पाहिलं. मास्तर ढिम्म. त्यांची स्वतःची बायको इथेच विषमज्वरानं गेली होती. फार गोड गायची हो.

"मेलेलं माणूस उठवायचं हा खोटेपणा आहे," मास्तर म्हणाले. "मी लिहिणार नाही."

तालमी सुरू झाल्या.

प्रयोगाला मी पेटीवर, आणि मास्तर शेजारी विंगेत, पडद्याचा दोर स्वतःच्या हातात धरून. वहिनींनी शेवटचं पद असं काही म्हटलं, की विचारू नका. पद संपवून त्या मेल्या, आणि थिएटरभर वन्समोअर! आपल्या लोकांचं तुम्हाला ठाऊकच आहे, वन्समोअर आला की मेलेल्यानंही उठायचं असतं. वहिनी पदर सावरून उठल्या, गायल्या, पुन्हा मेल्या. पहिल्या रांगेतले बंगाली पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मास्तर दातओठ खात होते आणि मला हसू आवरेना. तेवढ्यात पुन्हा वन्समोअर, वहिनी पुन्हा उठल्या. या खेपेला मास्तर चिडले नाहीत. नुसते त्या उठलेल्या नायिकेकडे बघत राहिले.

तिसऱ्यांदा वहिनी पडल्या तेव्हा मात्र कोणी ओरडलं नाही. लोक डोळे पुसत होते. मास्तर ज्यासाठी भांडले तो शेवट त्यांना मिळाला होता. मी पडदा पडायची वाट पाहत होतो.

"वन्समोअर," मास्तर म्हणाले.

इतकं हळू, की माझ्याशिवाय कोणाला ऐकूच गेलं नाही. वहिनींनाही नाही. त्या डोळे मिटून तशाच पडून राहिल्या.

मी पेटीवरून उठलो आणि मास्तरांच्या हातातला दोर घेतला.