माहेरचं नाव विचारणारा सवाल

माहा नवरा दुर्गेश तसा गरीब स्वभावाचा, पण हाताले स्वस्थता नाई. गोंदियातल्या एका खासगी दवाखान्याचा कंप्युटर तोच सांभाळे. जुना प्रोग्राम, ठिगळावर ठिगळ. फुलचूरले घरी जेवायले बसला का याचं सुरू, "उर्वशी, हे सारं फेकून नवाच लिहितो."

मी म्हटलं, "चालून राहिलं ना? मंग कायले खाजवून खरूज काढता?"

ऐकेल तर तो नवरा कायचा! लिहिला बाई नवा. जुन्यात लगन झालेली बाई आली का कंप्युटर विचारे, माहेरचं नाव काय? काउंटरवरच्या पोरी वैतागत. हा सवाल कोणी टाकला, काऊन टाकला, कोणालेच सांगता येईना. यानं उडवून टाकला. मालकानं पाठ थोपटली, अन् हा फुगून फिरला.

मंग माही नणंद दामिनी. केशोरीले दिलेली. धानाच्या रोवण्यात तापानं बेशुद्ध पडली, सासरच्यांनी त्याच दवाखान्यात आणली. दुर्गेश नेमका नागपूरले. काउंटरवरच्या पोरीनं टाकलं, 'दामिनी पटले'. कंप्युटर म्हणे, नवी पेशंट. डॉक्टरनं सासूले विचारलं, कोणती दवाई सोसत नाई का? सासू म्हणे, "मले काई मालूम नाई." सुई देल्ली. दामिनीचं तोंड सुजलं, दम अटकला. तडफडून राहिली होती बिचारी.

लगनाआधी तीच सुई तिले बाधली होती. तसं इथल्याच जुन्या प्रोग्रामात लिहून होतं, अन् लिहिलं कोणं? दुर्गेशनंच. नव्या प्रोग्रामातही होतं, पण दामिनी बिसेनच्या नावावर. पटलेची सून म्हणजे बिसेनची पोरगी, हे विचारणारा सवालच यानं काढला होता.

वाचली, देवाची कृपा. हा नागपूरहून धावत आला, दवाखान्यात याले कोणी बोललं नाई. मी बोलली, तोंडाले येईल ते बोलली. इतका राग मले जनमात आला नव्हता. हा तिच्या खाटेजवळ मांडीवर लॅपटॉप घेऊन तोच सवाल परत टाकून राहिला होता.

दामिनीनं डोये उघडले. "भाऊ, इथला कंप्युटर तूच बनवला ना?"

"हो."

"मंग त्यानं मले काऊन नाई ओळखलं?"

यानं लॅपटॉप बाजूले ठेवला अन् ढसाढसा रडला. तिच्या पाठवणीलेही हा इतका रडला नव्हता.