डावीकडचे कप

कपबश्यांच्या कारखान्यात तिला सगळे टिचकीबाई म्हणत. पट्ट्यावरून येणारा प्रत्येक कप उचलायचा, नखाने टिचकी मारायची, कानाशी धरायचा. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडे. उजवीकडचे खोक्यात बसून दुकानात जात, डावीकडचे ज्याला हवे त्याने घरी न्यावेत. तिच्या घरात त्यामुळे एकही धड कप नव्हता, आणि मुलगी त्यातच दूध पिऊन मोठी झाली. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच तिचंही झालं होतं. कलिंगड असो की दाराची फळी, टिचकी मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नवऱ्याच्या टकलावरही एकदा मारून झाली होती. निकाल तिने सांगितला नाही, हा तिचा मोठेपणा.

मुलांच्या शाळेत जायला आईबापांना अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा, असा नियम कारखान्याच्या फळ्यावर होता आणि तो फळ्यावरच राहायचा. मुकादमाकडे रजा मागणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शाळा मुलीची आहे, तुमची नाही, असं तो म्हणायचा आणि वर आपणच हसायचा. म्हणून दर वर्षी पालकांच्या दिवशी टिचकीबाईची धाकटी बहीण जायची. ती इतकी नेमाने गेली, की वर्गातली पोरं तिलाच आई समजू लागली. यंदा मुलीने जेवता जेवता शांतपणे सांगून टाकलं.

"तू आली नाहीस ना, तर मी मावशीलाच आई म्हणणार. दर वेळी समजावून सांगायचा कंटाळा आलाय मला."

दुसऱ्या दिवशी टिचकीबाई मुकादमापुढे जाऊन उभी राहिली, रजा मागितली आणि त्याच्या टेबलावरच्या कपाला टिचक्या मारू लागली. तो हो म्हणेपर्यंत मारत राहिली.

शाळेत मुलांनी मातीचे कप केले होते आणि ते भट्टीतून भाजून आले होते. प्रदर्शनासाठी ते टेबलावर मांडा, असं बाईंनी पालकांना सांगितलं. बाकीचे पालक कुठे उभं राहावं याच विचारात होते. टिचकीबाई पुढे झाली आणि तिचे हात आपसूक चालू लागले. टिचकी, कान, डावीकडे. टिचकी, कान, डावीकडे. एक कप तर असा निघाला, की त्याचा कान वाकडा, बूड तिरकं आणि आवाज नावालाही नाही. तिने तोंडाने 'च्च' केलं आणि तो डावीकडे पार कडेला सारला.

मान वर केली तर सगळा वर्ग तिच्याकडे बघत उभा होता. सगळ्यांत पुढे तिची मुलगी.

"आई, तो माझा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं टिचकीबाईला झालं. जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, तिलाच चारचौघांत नापास करून ठेवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. तिने घाईघाईने तो कप उचलून उजवीकडे ठेवला.

मुलीने तो पुन्हा डावीकडे ठेवला.

"उजवीकडे कशाला? ते तर दुकानात जातात," ती म्हणाली. मग वर्गाकडे वळून तिने सांगितलं, "ही माझी आई. डावीकडचे ती आपल्या घरी नेते."

वर्गात आनंदीआनंद झाला. ज्याचा त्याचा कप डावीकडे होता. उजवीकडे मात्र एकच उरला होता आणि तो ज्या पोराचा होता त्याने भोकाड पसरलं.

टिचकीबाईने तो कप उचलला, टिचकी मारली, कानाशी धरला. चांगला खणखणीत वाजत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिने खोटा निकाल दिला आणि तो डावीकडे ठेवला.