भांडणानंतरचा बुधवार

समाजकार्य शिकताना मी शिरपूरजवळच्या एका वस्तीत बायकांचा गट बांधत होतो. त्या सगळ्या एकाच जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायच्या. तिथे संडास नव्हता, म्हणून त्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. लाज मालकाची, आणि सोसायची यांनी! मी पत्रकांवर वाढलेला. पहिल्याच बैठकीला जळजळीत निवेदन लिहून नेलं. सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या. काय ही एकजूट, असं मला वाटलं. पुढच्या बुधवारी तिघीच आल्या.

महिनाभराने पुन्हा सगळ्यांना गोळा केलं आणि नुसतं विचारलं, मालकाशी बोलणार कोण? भडका उडाला.

"तू बोलशील? मुकादम दिसला की तुझी मान खाली!"

"आणि तू त्याला चहा करून देतेस, ते?"

दोघी तणतणत निघून गेल्या. गट फुटला म्हणून मी भाषण सुरू करणार, तोच सगळ्यांत वयस्क अक्का हसल्या.

"बस भाऊ. आज भांडण व्हयनं, आते पुढला बुधवारले बठ्ठ्या येतीन. जबाब देवाना बाकी शे ना!"

खरंच सगळ्या आल्या. तासभर भांडल्या आणि भांडता भांडताच ठरलं की सगळ्यांनी मिळून जायचं, बोलायला सुरुवात चहा देणारीने करायची. निवेदन त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. चारच ओळी झाल्या.

पुढे पत्र्याचा का होईना, संडास झाला. त्या दिवशी भर दुपारी अक्का कामावर तांब्याभर पाणी प्यायल्या.