मनगटाची गोळी

कपडे शिवायच्या कारखान्यात मावशी बावीस वर्षं वाफेच्या इस्त्रीवर उभी होती. तिच्या हाताखालून निघालेली कॉलर अशी ताठ, की घालणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी. याचा तिला गर्व होता, आणि तो तिला शोभायचाही.

इस्त्रीवाल्या बायकांची एक रीत होती. कामावर पाणी प्यायचं नाही. संडास आवाराच्या पार टोकाला. दोनदा गेलं की मुकादम म्हणायचा, "काय बाई, तिकडेच बिऱ्हाड थाटलंय का?" त्यापेक्षा सुकलेले ओठ परवडले. दुसरी रीत डबीची. खिडकीत पत्र्याची डबी, तीत दुखण्यावरच्या गोळ्या. जिचं मनगट ठणकेल तिने एक उचलायची. त्या उन्हाळ्यात मावशीचं मनगट रोज ठणकलं. सकाळी घरी रक्तदाबाची गोळी, दुपारी डबीतली. कधी दोन.

एका मंगळवारी तिच्या लक्षात आलं, कालपासून आपल्याला लघवीच झालेली नाही.

ती कोणाशी बोलली नाही. तांब्याभर पाणी प्यायली आणि वाट बघत बसली. बुधवारी सकाळी सुजलेला पाय चपलेत शिरेना. आरशात स्वतःचे डोळे ओळखू येईनात. धाकट्या नणंदेने तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

"गोळ्या कुठल्या घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रक्तदाबाची."

"आणखी?"

मावशीला डबी आठवली. डबीचा बोभाटा झाला तर मुकादम ती फेकून देईल. बायका म्हणतील, हिनेच घात केला.

"वहिनी," नणंद म्हणाली, "एरवी घरात तुम्ही कोणाला बोलू देत नाही. आजच जीभ कुठे ठेवून आलात?"

मग मावशीने रडत रडत सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोळा काढला. "ही मूत्रपिंडातली गाळणी. अशा लाखो असतात. ही आत येणारी नळी, ही बाहेर जाणारी. अंगातलं पाणी कमी झालं की आतली सैल होते, बाहेरची आवळते, आणि गाळणीतला दाब टिकतो. मूत्रपिंड हे आपलं आपण करतं. तुमच्या डबीतल्या गोळीने आतली नळी सैल होऊ दिली नाही. रक्तदाबाच्या गोळीने बाहेरची आवळू दिली नाही. वर पाणीही नाही. दाबच नाही तर गाळलं काय जाणार?"

"म्हणजे मेली का माझी मूत्रपिंडं?"

"दोन्ही गोळ्या आजपासून बंद. बहुतेकदा सावरतात. नाहीच सावरली तर यंत्रावर रक्त साफ करावं लागेल."

यंत्र हा शब्द ऐकताच मावशीला आठवलं, शेजारच्या इस्त्रीवरचीलाही रक्तदाब आहे. "तिला आत्ताच्या आत्ता फोन लावा," ती नणंदेला म्हणाली. "म्हणावं, डबीला हात लावू नकोस. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे."

मग सलाईन. खाटेखाली लघवीची पिशवी, रिकामी. संध्याकाळी रिकामी. गुरुवारी सकाळी तळाशी बोटभर, चहासारखं काळपट. परिचारिका दर तासाला वाकून बघायची, आणि तिच्या कपाळावरची आठी मावशी वाचायची.

दुपारी नणंद खाली वाकली ती वाकलेलीच राहिली.

"काय झालं? बोला ना."

"थेंब पडतोय," ती कुजबुजली. "पिवळा. हा आणखी एक."

"थांबला का?"

"नाही. पडतोय."

मावशी हलली नाही. आपण हललो तर तो थांबेल, या भीतीने तिने श्वाससुद्धा जपून घेतला.