पाठीला कुंकू लावलेली पोथी

सकाळपासून आभाळ भरून आहे. पाणी पडत नाही, ऊनही पडत नाही. धान लोंबीवर आलं आहे आणि अंगाला नुसता घाम. आमच्या एकोडीच्या देवळाचा ओटा आज रिकामा, कारण पोथी वाचणारा डोमाजी डोळ्याचं ऑपरेशन करून घरी पडला आहे. तो माझा शेजारी. चार माणसं रोज एका ओट्यावर बसली की किस्से साचतात, मळणी झाली की खळ्यावर धानाची तनस साचते तसे. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलतो, नातसून लिहून घेते. डोमाजीच म्हणाला, सांगून टाक आता.

त्याला छापील पोथीतलं अक्षर दिसेनासं झालं, तिथून हे सुरू झालं. ओट्यावर दुसरं वाचणारं कोणी नाही. तो थांबला की पोथी बंद. मग संध्याकाळी आम्ही म्हाताऱ्यांनी जायचं कुठं?

आधी मोबाईलवर वाचून पाहिलं. देव रथात बसले आणि फोन वाजला. कोणी मुलगी विमा काढा म्हणत होती. आम्ही आपले हात जोडून बसलेले. रोज ओट्यावर येणारी फुलाबाई म्हणाली, "तिले सांग, देव आता गाडीत आहेत. घरी पोचले का बोलतीन."

साकोलीच्या दुकानदारानं समजावलं, काका, मोठा फोन घ्या, त्यात सगळंच येतं. डोमाजी म्हणाला, "सगळं येते म्हणूनच त नको."

मग त्याच्या लेकीनं, वंदनानं नागपूरहून आपला जुना टॅबलेट धाडला. अक्षर मोठं, उजेड झकास. पण दिवस धानाचे. त्या उजेडावर शिवारातले सगळे तुडतुडे येऊन बसले. अक्षर कोणतं आणि किडा कोणता, काही कळेना. डोमाजी बोटानं किडा हाकलायचा आणि पानंच पुढं सरकायची. लग्नाच्या मांडवातून कथा एकदम सरणावर गेली. फुलाबाई बिचारी डोळे पुसत म्हणाली, "हळद त उतरू द्यायची होती गा."

शेवटी वंदनानं नुसती पुस्तकं वाचायची मशीन आणून दिली. कागदासारखी भुरकी, चमक नाही, म्हणून किडे नाहीत. चार्जिंग पुष्कळ दिवस चालते. पण अंधारात दिसत नाही, म्हणून वर बल्ब लावला. किडे बल्बावर आले. एक मिळालं की दुसरं जातं, हे या वयात नव्यानं काय शिकायचं?

पोथी म्हटली की वाचण्याआधी पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं. पाण्याचे थेंब पडताच मशीन आपोआप पानं उलटू लागली. वंदना फोनवर ओरडली, पाणी बिलकुल नको, आणि कुंकू लावायचंच तर मागून लावा. तेव्हापासून आमची पोथी पाठीला कुंकू लावून घेते.

डोमाजीचा डोळा जात राहिला, तसं तो अक्षर मोठं करत गेला. शेवटी एका पानावर तीनचार शब्दच मावायचे. पान बदललं की मशीन क्षणभर काळी व्हायची. देव दारात यायचे, पान काळं, मग आत यायचे. आम्ही थांबायचो. आम्हाला कुठं जायचं होतं?

ऑपरेशनच्या आधीची गोष्ट. तो नेहमीसारखा माझ्या बाजूला बसला होता. पोथी अशी सरसर चालली होती, की फुलाबाईला डुलकीसुद्धा आली नाही. मला अक्षर कळत नाही, पण काळं झालेलं कळतं. आरती झाली तरी मशीन एकदाही काळी झाली नव्हती.

घरी येताना मी त्याला विचारलं. तो म्हणाला, चार्जिंग कधीचीच संपली, वाचलेलं शेवटचं पान तसंच दिसत राहते. मी म्हटलं, मग लावत का नाहीस? तो म्हणाला, लावून काय करू, त्याच्याहून मोठं अक्षर त्यात नाही.

"मंग इतके दिवस वाचत काय होता गा?"

त्यानं मशीन फडक्यात गुंडाळली, बगलेत धरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून रस्ता चाचपत म्हणाला,

"तुले वाचता येत नाही, म्हणून त रोज तुह्याच बाजूले बसतो मी."